वाटेवरचे राज्य



या स्मृतिव्याख्यानासाठी संस्थेने मला पाचारण केले याबद्दल मी तिचा ऋणी आहे. आयुष्यभर मी मराठी भाषा आणि साहित्य शिकवले. इतिहास हा माझ्या अध्यापनाचा विषय नव्हे. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते या शाळेत मराठी आणि इतिहास असे दोन्ही विषय शिकवीत, आणि एका तासातून दुसऱ्या तासात त्यांचे जाणेयेणे मोकळेपणाने चाले, असे त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मी ऐकले आहे. त्या मोकळिकीचा आधार घेऊन मीही आज माझे कुंपण ओलांडणार आहे.

सुरतेतल्या मराठी शाळेत इतिहास शिकवणे हे सोपे काम नव्हे. १६६४ च्या जानेवारीतले ते प्रकरण पाठ्यपुस्तकात येते तेव्हा वर्गातले मूल ज्या चौकबाजारातून चालत आलेले असते, तोच चौकबाजार त्या धड्यात असतो. इनायतखान सुभेदार ज्या किल्ल्यात दडून बसला तो किल्ला तापीकाठी आजही उभा आहे. आणि शेजारच्या गुजराती घरात त्याच प्रसंगाची आठवण वेगळ्या स्वरात सांगितली जात असते. गुरुजी म्हणे लुटीचे वर्णन थोडक्यात आटोपत आणि भिंतीवर नकाशा लावून विचारीत, 'महाराज सुरतेला आले ते कोणत्या वाटेने?' मुले पुणे आणि सुरत यांच्यामध्ये सरळ रेघ ओढीत. गुरुजी ती रेघ पुसून विचारीत, 'मधल्या डोंगरात कोणी राहत नव्हते काय?'

राहत होते. त्या डोंगरात दोन लहान राज्ये होती, जव्हार आणि रामनगर. १६७२ च्या पावसाळ्यात, महिन्याभराच्या अवधीत, दोन्ही मराठ्यांच्या हाती पडली. आपल्या इतिहासग्रंथांत या घटनेला एखाददुसरे वाक्य मिळते. आज मला त्या वाक्यापाशी थोडे थांबायचे आहे.

प्रथम भूगोल. सह्याद्रीची रांग उत्तरेकडे सरकत डांगाच्या अरण्यात विरत जाते, आणि तिच्या पश्चिम उतारावरून दमणगंगा, पार, औरंगा, अंबिका या नद्या समुद्राकडे धावतात. या उतारावर साग, बांबू आणि अरुंद खिंडी. वस्ती कोकणा, वारली, धोडिया, कोळी, भिल्ल यांची. त्यांच्या बोलीला मराठी म्हणावे की गुजराती, यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. बोलणारे मात्र त्या वादात फारसे पडलेले दिसत नाहीत. या प्रदेशाच्या दक्षिण भागात जव्हारचे मुकणे घराण्याचे कोळी राज्य होते. त्याचा मूळपुरुष जयबा. बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागून घ्यायची आणि मग त्या कातड्याच्या वाद्या कापून डोंगरच्या डोंगर वेढायचा, अशी त्याची आख्यायिका आहे. हीच कथा कार्थेजच्या दिदो राणीचीही सांगतात. लहान राज्यांच्या जन्मकथा शौर्यापेक्षा चातुर्याच्या असतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे. उत्तर भागात रामनगर. पुढे १७६४ मध्ये धरमपूर वसले आणि राजधानी तेथे गेल्यावर राज्यही त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. सुरतेपासून रामनगर सुमारे साठ मैल, जव्हार सुमारे शंभर.

या दोहोंच्या भोवती सतराव्या शतकाच्या मध्यास तीन मोठ्या सत्ता होत्या. उत्तरेस सुरतेचा मोगल सुभेदार. पश्चिमेस दमणचे पोर्तुगीज, जे तेथे १५५९ पासून पाय रोवून होते. दक्षिणेस कल्याण-भिवंडी, जी शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये घेतली. पूर्वेला बागलाणचे जुने हिंदू राज्य होते, ते औरंगजेबाने, तो दख्खनचा सुभेदार असताना, १६३८ मध्ये संपवले. त्या वेळी रामनगर मांडलिकी पत्करून सुटले. त्यामुळे रामनगर कागदोपत्री मोगलांचे अंकित. व्यवहारात मात्र ते कोणाच्याच मोहिमेत मनापासून सामील नव्हते, आणि कोणालाच उघड नकारही देत नव्हते.

आणि तरीही हे राज्य केवळ सोसणारे नव्हते. पोर्तुगीज कागदपत्रांत रामनगरच्या राजाचा उल्लेख 'चौथिया' अशा नावाने येतो. दमण परगण्यातील गावांच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा पोर्तुगीज या डोंगरी राजाला देत. मोबदल्यात राजाने आपल्या माणसांना त्या गावांवर धाड घालू द्यायची नाही आणि चोरांचा बंदोबस्त करायचा. हिश्शाचे नाव चौथ. प्रत्यक्ष दर मात्र गावागणिक कमीजास्त असे. डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या चौथाईचे मूळ शोधताना याच व्यवहाराकडे बोट दाखवले, आणि गोव्याच्या दफ्तरात आयुष्य घालवणारे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांच्या 'पोर्तुगेज-मराठे संबंध' या १९६७ च्या ग्रंथातही त्याचा मागोवा सापडतो. भाषेच्या माणसाला येथे थबकावेसे वाटते. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून ज्या सनदा घेऊन आले त्यांतला हा शब्द. अर्ध्या हिंदुस्थानाने तो धास्तीने उच्चारला, आणि हिंदीत तर तो आजही खंडणीखोरीसाठी वापरतात. त्याचा ठसा या आपल्या शेजारच्या, नकाशावर बोटाखाली झाकले जाईल एवढ्या राज्यात उमटला होता. दुबळा तो निरागस, असे आपण सहज धरून चालतो. रामनगरचा राजा दुबळा होता, निरागस नव्हता. खिंड त्याच्या हातात होती आणि त्या खिंडीवर तो जगत होता.

आता १६७२. पुरंदरचा तह मोडून दोन वर्षे झाली होती. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटली गेली. परतीच्या वाटेवर वणी-दिंडोरीची लढाई झाली. १६७१ च्या आरंभी साल्हेर मराठ्यांकडे आला आणि पुढल्या वर्षी त्याच्या पायथ्याशी मोगलांचा मोठा पराभव झाला. सुरत हे मोगलांचे श्रीमंत बंदर, मक्केच्या यात्रेकरूंचे दार, आणि साम्राज्याच्या खजिन्याची एक मोठी गाठ. ती गाठ पुन्हा पुन्हा सोडवायची तर दर वेळी लांबचा वळसा परवडणारा नव्हता. कल्याणहून उत्तर कोकणातून थेट सुरतेला जाणारी जवळची वाट हवी होती. त्या वाटेवर जव्हार आणि रामनगर बसले होते.

मोरोपंत पिंगळे जूनच्या पहिल्या आठवड्यात जव्हारवर आले. हे वेळापत्रकच विलक्षण आहे. मराठी फौजेचे सीमोल्लंघन दसऱ्याचे; मृगाच्या तोंडावर स्वाऱ्या परततात, निघत नाहीत. कोकणातल्या पावसात फौज चालत नाही, या भरवशावर डोंगरातले राज्य दरवर्षी चार महिने निर्धास्त झोपत असे. तो भरवसा ५ जूनच्या सुमारास संपला. राजा विक्रमशहा नाशिकच्या बाजूस मोगली मुलखात निघून गेला. जव्हारच्या खजिन्यात सतरा लाख रुपये मिळाले, असा आकडा यदुनाथ सरकारांनी दिला आहे. याच विक्रमशहाने १६६४ च्या स्वारीच्या वेळी जव्हारजवळ शिरपामाळावर महाराजांची भेट घेऊन त्यांचा सन्मान केला, अशी तेथील परंपरा आहे. ती जागा जव्हारला आजही दाखवतात. ही परंपरा खरी धरली, तर ज्याला एकदा वाट दिली त्यानेच आठ वर्षांनी घर घेतले, असा तिचा अर्थ होतो. जव्हारच्या लोकांनी तिच्यातला भेटीचा भाग जपून ठेवला आणि पुढचा भाग सांगणे सोडून दिले. मला त्यात लबाडी दिसत नाही. हरलेल्यांनाही अभिमानाची एखादी जागा लागते.

जव्हारची बातमी रामनगरला पोहोचली तेव्हा राजाने जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कुटुंबासह गणदेवीजवळचे चिखली गाठले. गुजरातची मोगल फौज हालचाल करू लागली, पाऊसही अनावर झाला, आणि मराठे मागे सरले. राजाला वाटले असेल की अरिष्ट टळले. पण मोरोपंत पंधरा हजारांची फौज घेऊन परतले आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात रामनगर पडले. मोठी लढाई झाल्याचा उल्लेख नाही. गढीचा वेढा नाही, पोवाड्याला विषय होईल असा एखादा बुरूज नाही.

इतिहासकारांनी याचे महत्त्व ओळखले ते सुरतेच्या संदर्भात. रामनगरच्या परिसरातून मोरोपंतांनी सुरतेच्या सुभेदाराला आणि सावकारांना एकामागून एक तीन पत्रे पाठवून चार लाख रुपयांची मागणी केली. तिसऱ्या पत्राचा सूर निर्वाणीचा होता. युक्तिवाद असा की, तुमच्या बादशहाने आम्हांला प्रजेच्या रक्षणासाठी फौज बाळगायला भाग पाडले, तेव्हा त्या फौजेचा खर्च त्याच्याच प्रजेने सोसावा. सुरतेत घबराट उडाली. सुभेदाराने संरक्षणासाठी वर्गणी गोळा केली. ती जमली, पण फौज काही उभी राहिली नाही, अशी इंग्रज वखारवाल्यांची तक्रार आहे. हे सारे वाचताना रामनगर मागे पडते. त्याच्या पडण्याची नोंद सुरतेपर्यंतचे अंतर मोजण्यापुरती उरते.

अशा राज्याला आपण आज 'तटस्थ' म्हणू. तट म्हणजे काठ; प्रवाहात न उतरता काठावर उभा तो तटस्थ. शब्द फसवा आहे, कारण पूर आला की पहिल्यांदा काठच खचतो. जुना शब्द 'उदासीन'. गीतेने तो भक्ताच्या आणि गुणातीताच्या लक्षणांत घातला, आणि मराठीत येताना त्याला खिन्नतेची छटा चिकटली. कौटिल्याच्या राजमंडलात मात्र उदासीन राजा हा खिन्नही नाही आणि दुर्बळही नाही. विजिगीषू, त्याचा शत्रू आणि मध्यम या सर्वांपलीकडे असलेला आणि त्या सर्वांहून बलिष्ठ, ज्याच्या मनात आले तर तो कोणालाही आवरू शकतो, असा तो राजा. याचा अर्थ असा की, अलिप्त राहणे ही कौटिल्याच्या दृष्टीने सामर्थ्यवानाची चैन आहे. स्वस्थ बसण्याला तो 'आसन' म्हणतो, परंतु तेही बरोबरीच्या बळात शोभते. दुबळ्यासाठी त्याच्याकडे 'संश्रय' आहे, म्हणजे दुसऱ्याचा आसरा. रामनगरने आसन मांडले, आणि आसऱ्याची वेळ आली तेव्हा आसरा देणारी मोगल फौज पावसात अडकली होती.

नेमके हेच चित्र आपल्या विसाव्या शतकात युरोपात दिसले. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या लंडनच्या तहात बड्या राष्ट्रांनी दिली होती. प्रशियाचीही तीवर सही होती. २ ऑगस्ट १९१४ ला जर्मनीने बेल्जियमकडे वाट मागितली आणि उत्तरासाठी बारा तास दिले. बेल्जियमशी जर्मनीचे वैर नव्हते; पॅरिसकडे जाणारा सोयीचा रस्ता बेल्जियममधून जात होता, एवढेच. ४ ऑगस्टला सैन्य घुसले. त्याच दिवशी जर्मन चॅन्सेलर बेथमान होलवेग यांनी आपल्या संसदेत कबूल केले की आम्ही करतो आहोत तो अन्याय आहे, युद्धातला हेतू साध्य झाल्यावर त्याची भरपाई करू. ९ एप्रिल १९४० ला डेन्मार्क काही तासांत शरण गेला. त्याचे विमानतळ नॉर्वेच्या मोहिमेसाठी हवे होते. त्यानंतर महिन्याभराने, १० मे रोजी, हॉलंड. पहिल्या महायुद्धात तटस्थ राहून बचावलेले हे राष्ट्र पाच दिवसांत संपले. १४ मे रोजी रॉटरडॅमवर बाँब पडले आणि दुसऱ्या दिवशी शरणागतीवर सह्या झाल्या. आपल्या कतारगामच्या बाजूला डचांच्या जुन्या कबरी आहेत. मलबारच्या वनस्पतींचा महाग्रंथ सिद्ध करवून घेणारा व्हान रीड त्यांतल्याच एका भव्य घुमटाखाली निजलेला आहे. त्या घुमटाचा थाट पाहणाऱ्याला त्यांचा देश असा पाच दिवसांत कोसळेल हे सांगूनही खरे वाटले नसते.

ही तुलना मी १६७२ ला जर्मनीच्या पारड्यात टाकण्यासाठी करीत नाही. नरसंहाराचे ते राज्य आणि स्वराज्य यांना एका तागडीत तोलणे हा अविचार होईल. साम्य आहे ते पडणाऱ्याच्या बाजूने. बेल्जियम, डेन्मार्क, रामनगर यांच्यावर कोणाचा राग नव्हता. ती दुसऱ्या कोठल्यातरी ठिकाणाच्या वाटेवर होती.

मग आपण काय म्हणावे? येथे मला माझ्या मूळ विषयाकडे, भाषेकडे, यावे लागते. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांतली क्रियापदे पाहा. मराठे मुलूख 'काबीज करतात', 'मारतात', 'सोडवतात', स्वराज्यात 'आणतात'. मोगल तोच मुलूख 'गिळंकृत करतात', 'घशात घालतात'. आपली ती स्वारी, मोहीम, मुलूखगिरी. त्यांचे ते आक्रमण. गुजराती पुस्तकांत ही वाटणी उलट बाजूने होते, आणि पोर्तुगीज कागदांत दोघेही लुटारू ठरतात. प्रत्येक भाषा आपल्या माणसांसाठी गोड शब्द राखून ठेवते, यात आश्चर्य नाही. पण रामनगरच्या राजासाठी या तीनही भाषांत शब्द राखून ठेवलेला नाही. ज्यांच्या बोलीत तो असावा, त्या बोलीत इतिहास लिहिलाच गेला नाही.

कौटिल्याने दुर्बळ राजाविषयीच्या अधिकरणात आक्रमकांचे तीन प्रकार केले आहेत. नुसत्या शरणागतीने संतुष्ट होतो तो धर्मविजयी, भूमी आणि द्रव्य घेतो तो लोभविजयी, आणि पुत्र, दारा, प्राण हेही हरण करतो तो असुरविजयी. १६७२ ची स्वारी यांतल्या कोणत्या घरात बसते? महाराजांविषयी माझ्या मनात जी श्रद्धा आहे ती आपल्यापैकी कोणाहून कमी नाही, आणि ती असूनच मी म्हणतो की जव्हार-रामनगरपुरते उत्तर मधल्या घरात आहे. भूमी घेतली, द्रव्य घेतले. दोन्ही राजे जिवंत निघून गेले आणि रामनगरचा तर कुटुंबासह गेला. 'लोभ' हा येथे शास्त्रातला पारिभाषिक शब्द आहे, चारित्र्यावरचा शेरा नव्हे. बादशाही सत्तेशी जीवनमरणाचा झगडा करणाऱ्या राज्याला ती वाट आवश्यक होती, हेही मला मान्य आहे. आवश्यकता होती म्हणून ज्याचे घर गेले त्याची नोंद अर्ध्या ओळीत उरकावी, हे मात्र मला मान्य नाही. ज्या शाळेत मराठी आणि गुजराती घरांतली मुले एका मैदानावर खेळतात, तेथे तरी ती ओळ पूर्ण लिहिली जावी.

राजा पळाला, हाही एक सोपा शब्द. हॉलंडच्या राणी विल्हेल्मिना १३ मे १९४० ला इंग्लंडला गेल्या आणि देशाच्या प्रतिकाराचे प्रतीक ठरल्या. बेल्जियमचे राजे लिओपोल्ड सैन्याबरोबर थांबले, २८ मेला शरण गेले, आणि त्या थांबण्याबद्दल पुढे त्यांना सिंहासन सोडावे लागले. जाणे भ्याडपणाचे आणि थांबणे शौर्याचे, असा हिशेब इतिहासात नेहमी जुळत नाही. रामनगरचा राजा चिखलीला गेला नसता तर त्याचे घराणे बहुधा तेथेच संपले असते.

आणि राजा गेल्यावर डोंगर रिकामा झाला असेही नाही. १६७४ मध्ये सुरतेत बातमी आली की मराठी फौज पुन्हा त्या बाजूने येऊ पाहत होती, पण रामनगरच्या तीन-चार हजार भिल्लांनी रानातल्या वाटा अडवून धरल्या. वाट देण्याबद्दल लाख रुपये देऊ केले तेही त्यांनी घेतले नाहीत. ते कोणासाठी अडले? परागंदा राजासाठी, मोगलांच्या चिथावणीने, की आपल्या रानासाठी? कागद फक्त संख्या आणि रक्कम सांगतो. त्यांच्यातल्या एकाचेही नाव त्यात नाही.

चौथाईची गोष्ट तेवढी पुरी करतो. रामनगर घेतल्यावर महाराजांनी पोर्तुगीजांना कळवले की, जी चौथ तुम्ही त्या राजाला देत होता ती आता आम्हांला द्या, कारण राज्य आमचे झाले. १६७७-७८ च्या सुमारास यासाठी दमणकडे वकील गेले. पोर्तुगीजांनी घोळ घातला, मुदती मागितल्या, लांबण लावले. म्हणजे जिंकणाऱ्याने जिंकलेल्याचा हक्क कायदेशीर वारसा म्हणून सांगितला! ज्या राज्याला आपण किरकोळ समजतो, त्याच्या हक्काला तेवढी किंमत खुद्द महाराजांनी दिली होती, याची नोंद आपल्या वर्गात व्हायला हरकत नाही.

दोन्ही घराणी पुन्हा आपल्या डोंगरात परतली. मुलूख कमी झाला, खंडण्या वाढल्या, पण गादी राहिली. १८०२ च्या वसईच्या तहाने पेशव्यांचा धरमपूरवरचा खंडणीचा हक्क इंग्रजांकडे गेला. मराठे गेले, पेशवे गेले, दमणच्या पोर्तुगीजांना १९६१ मध्ये जावे लागले. त्याआधी १९४८ मध्ये, महिन्याभराच्या अंतराने एकदा पडलेली ही दोन राज्ये, एकाच वर्षी मुंबई राज्यात विलीन झाली. या वेळी सह्यांनी. जव्हार ठाणे जिल्ह्यात गेले आणि २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. धरमपूर आपल्या सुरत जिल्ह्यात आले, आणि १९६४ मध्ये वलसाड जिल्हा वेगळा झाल्यावर तिकडे गेले. येथून सकाळच्या गाडीने वलसाडला उतरून धरमपूरला जाता येते. तेथे संस्थानकाळातले एक वस्तुसंग्रहालय आहे, आणि बाजाराच्या दिवशी कोकणा बायका ज्या बोलीत भाव करतात ती कान देऊन ऐकली तर मराठी मुलाला निम्मी कळते, गुजराती मुलालाही निम्मी कळते. शाळेची सहल एकदा तिकडे न्यावी, अशी माझी मुख्याध्यापकांना विनंती आहे.